एकविसावी सरी

आमच्या भागात तांबोळी सरांबद्दल दोन गोष्टी सांगतात. पहिली, ते पोरांना गुरासारखं मारायचे. दुसरी, निमगाव सावाच्या उसात सुलाबाई गेली ती त्यांच्या चुकीमुळं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे जाहीर सांगायला मला तीन वर्षं लागली. दोन्ही गोष्टी सांगते, म्हणजे मी सरांची बाजू घेते आहे असं कुणाला वाटायला नको.

राजुरीत खताच्या दुकानाच्या माडीवर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. अकरा मशिनी, त्यातल्या सात चालू. डिप्लोमाला आणि बीएस्सीला ज्यांचा सी प्रोग्रॅमिंगचा पेपर राहिलाय अशी आजूबाजूच्या गावांतली पोरं-पोरी तिथं यायची. सर जुन्नरचे. त्यांच्या वडिलांचं तिथं पेठेत पानाचं दुकान होतं, पण सरांच्या ओठाला कधी पान लागलं नाही. रोज जुन्या स्कूटरवरून यायचे, हेल्मेट कोपरात अडकवून जिना चढायचे. उंच, हाडापेरानं मोठा माणूस. आवाज मात्र बसका, त्यामुळं पहिल्या दिवशी सगळ्यांना ते गरीब वाटायचे.

त्यांना सगळं शून्यापासून मोजायची सवय होती. सी भाषेत अ‍ॅरे म्हणजे ओळीनं मांडलेले डबे, आणि पहिल्या डब्याचा नंबर शून्य असतो. सरांनी हा नियम वर्गापुरता ठेवला नव्हता. जिन्याची पहिली पायरी शून्य नंबरची. सकाळचा पहिला चहा शून्य नंबरचा, म्हणून तो मोजायचा नाही, आणि दिवसाला दोनच चहा पितो असं सांगत ते तीन प्यायचे. खालचा खतवाला त्यांना चिडवायचा, "सर, तुमच्यात लग्नाची पहिली बायको पन शून्य नंबरची का वो?" सर हसायचे नाहीत. "मशीनला इचार," म्हणायचे आणि वर निघून जायचे.

दुसरी सवय घड्याळाची. मारायच्या आधी ते मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. पट्टा सुटल्याचा आवाज आला की वर्गातले पंखे तेवढे ऐकू यायचे. मग लाकडी फूटपट्टी, नाहीतर मेलेल्या माउसची वायर दुहेरी करून. पट्टी हातावर, वायर पाठीवर. मुलींना पट्टीच, हा त्यांचा मोठेपणा.

मला पहिल्यांदा मार बसला तो फॉर लूप, म्हणजे डबे ओळीनं उघडत जायची फेरी, एकापासून सुरू केला म्हणून. दहा आकड्यांच्या ओळीत एक आकडा शोधायचा होता. मी 'आय बरोबर एक' लिहिलं. सरांनी घड्याळ काढलं.

"पयल्या डब्यात व्हता तर?" त्यांनी विचारलं.

मी स्क्रीनकडं बघत राहिले.

"रेखे, पयल्या डब्यात व्हता आन् तू तो उघडलाच न्हाई, तर?"

मग पट्टी. तेही शून्यापासून मोजत. शून्य, एक, दोन, तीन. तीन म्हटल्यावर थांबले, म्हणजे चार बसल्या. डाव्या हाताची बोटं दोन दिवस मिटत नव्हती. घरी सांगितलं तर आई म्हणाली, शिकवतोय ना. मार खाऊन आपण घडलो असं अभिमानानं सांगणारे लोक मला भेटतात तेव्हा माझं डोकं फिरतं. मी घडले वगैरे काही नाही. मला फक्त भीती बसली, आणि ती कुठं जाऊन निघाली ते पुढं कळेलच.

संतोष माझ्याच बाकावर बसायचा. निमगाव सावाचा, धनगराचा. आजोबांच्या वेळेपर्यंत शेकड्यानं मेंढरं होती, आता दारात सहा-सात आणि बाकी ऊस, कांदा. अभ्यासात मठ्ठ नव्हता, घाईचा होता. लिनियर सर्चचं फंक्शन लिहायचं होतं. हा सगळ्यांत साधा शोध. पहिल्या डब्यापासून एकेक डबा उघडायचा, पाहिजे ते सापडलं तर डब्याचा नंबर सांगायचा, आणि शेवटचा डबा उघडून झाल्यावरही सापडलं नाही तर उणे एक सांगायचं. उणे एक म्हणजे नाही. संतोषनं लिहिलं की पहिल्या डब्यात नसेल तर लगेच उणे एक.

सरांनी सात पोरं फळ्यासमोर ओळीनं उभी केली. एकाच्या मुठीत खडू दिला. "संत्या, शोध. पन तुझ्या कोडपरमानं." संतोषनं पहिल्या पोराची मूठ उघडली. रिकामी. आता कोडप्रमाणं त्याला 'नाही' म्हणायला हवं होतं. तो थांबला, त्याला चूक कळली, हसला. हसायला नको होतं. सरांनी घड्याळसुद्धा काढलं नाही. उजव्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो मशीनवर जाऊन आदळला आणि कीबोर्ड खाली पडून त्याची बटणं फरशीभर झाली.

"एका घरात डोकावून गाव रिकामं हाय म्हनतो व्हय रे? सगळी घरं बघ. समद्यात शेवटचं बी बघ. मंग न्हाई म्हन."

संतोषच्या कानातून थोडं रक्त आलं. त्या कानानं त्याला पुढं कमीच ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. सुलाबाई. किरकोळ बाई, डोक्यावर पदर, हातात विळा. गवत कापून तशीच एसटीनं आली होती. जिना चढून थेट सरांसमोर उभी राहिली.

"तुमी मास्तर?"

"व्हय."

"माझ्या पोराचा कान फोडला तुमी. मी त्याला जलमात दोनदा मारलं न्हाई. पुन्यांदा हात लावला तर ह्यो हात मी खांद्याला ठिवणार न्हाई." विळा तिनं टेबलावर आपटला. टेबलाच्या सनमायक्याचा टवका उडाला.

सर उभे राहिले. वर्गाला वाटलं आता काहीतरी भयंकर होणार. ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." एवढंच. मग खुर्ची सरकवून तिला बसायला दिली. ती बसली नाही. संतोषला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. आम्हाला लावला. टेबलाचा तो टवका त्यांनी बुजवून घेतला नाही, विचारलं तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, लई चांगली सही हाय."

त्यानंतर वर्ष गेलं असेल. त्या साली बिबट्यांनी आमच्याकडं उच्छाद मांडला होता. बायका गळ्यात खिळे लावलेला पट्टा बांधून खुरपायला जायच्या, लहान पोरांना अंगणात एकटं सोडायची सोय नव्हती. उसातच जन्मलेले बिबटे ते, त्यांना डोंगर ठाऊकच नाही. वाकून बसलेलं माणूस त्यांना शेळीएवढं दिसतं. पट्ट्यानं सुलाबाईची मान घामेजायची. त्या दिवशी तो तिनं घरीच खुंटीला ठेवला आणि दुपारी तीनच्या सुमारास बांधावर गवत कापायला बसली.

क्लास चालू असताना संतोषला फोन आला. 'आयला बिबट्यानं नेलं,' म्हणत तो जिन्यावरून धावत सुटला. आम्ही त्याच्या मागं. सर स्कूटर काढून ओरडले, "बस मागं." मी बसले. बाकीची पोरं मिळेल त्या गाडीनं आली.

बांधावर रक्त होतं. विळा पडला होता आणि एक चप्पल. उसात शिरलेली फरपट दोन-तीन हातांवर संपत होती, पुढं पाल्यात काही कळत नव्हतं. ऊस तोडणीला आलेला, माणसाच्या डोक्यावरून हातभर उंच, शेजारच्या सरीतलं माणूस दिसणार नाही असा. गाव गोळा झालं होतं. कुणी फटाके फोडत होतं, कुणी डबे बडवत होतं. दहा जण रक्ताच्या जागी आत घुसायचे, दोन सऱ्या बघून बाहेर यायचे आणि 'इथं न्हाई' म्हणायचे. संतोष नुसता आत-बाहेर धावत होता, पाल्यानं त्याचं तोंड चिरलं होतं. वनखात्याची माणसं निघाली होती, पण यायला वेळ होता.

सरांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. मग संतोषच्या चुलत्याकडं वळले. ज्ञानूभाऊ, घरातले मोठे, गाव त्यांचं ऐकायचं.

"भाऊ, असं न्हाई सापडायची. एका सरीत एक मानूस. समदी एकदम चालायची. एक बी सरी सोडायची न्हाई."

ज्ञानूभाऊंनी त्यांच्याकडं बघितलं. पुतण्याचा कान फोडणारा माणूस. पण दुसरं कुणी काही सांगतच नव्हतं. "किती सऱ्या असतील?" त्यांनी विचारलं.

"चाळीस-बेचाळीस," शेताचा मालक म्हणाला.

"मंग एक ते वीस आमी मोठी मानसं घेतो. एकवीसपासनं तुमची पोरं लावा."

सरांनी मान हलवली. त्यांच्या हातात त्या वेळी संतोष होता, तो सुटायला बघत होता. ते मला म्हणाले, "रेखे, एकवीसपासनं मोजून लाव. पळ."

मी बांधावरून पळत सुटले. रस्त्याकडच्या पहिल्या सरीवर बोट ठेवलं आणि मोजायला लागले. शून्य, एक, दोन, तीन. विचार केला नाही. विचार करायला सुचलंच नाही, तोंडातून शून्यच आलं. डाव्या हाताची बोटं मिटलेली होती हे मला आठवतं. एकवीसला थांबले आणि तिथून एकेक पोरगं उभं करत गेले. ज्ञानूभाऊंनी त्याच टोकापासून एक, दोन, तीन म्हणत आपली वीस माणसं लावली होती. त्यांची विसावी सरी आणि माझी एकवीस नंबरची, म्हणजे खरी बाविसावी, यांच्या मध्ये एक सरी राहिली. तिच्यात कुणीच नव्हतं. ऊस इतका दाट की विसाव्या सरीतल्या माणसाला शेजारी पोरगं आहे असं वाटलं आणि पोराला शेजारी मोठं माणूस आहे असं वाटलं.

सगळे एकदम चालले. हाका देत, काठ्या आपटत, फटाके टाकत. शेत लांब होतं. पलीकडच्या बांधावर आम्ही एकेक करून बाहेर पडलो. प्रत्येकानं मान हलवली.

"न्हाई हितं," ज्ञानूभाऊ म्हणाले. "वढ्याकडं नेली."

"शेवटची सरी बघितली?" सरांनी विचारलं.

"मी सोता व्हतो शेवटच्या सरीत," एक पोरगा म्हणाला.

सरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मंग न्हाई. चला वढ्याला."

ओढ्याला आम्ही अर्धा तास हिंडलो. करंजीची झुडपं, बाभळी, पुलाखालचा पाइप. काही नाही. मध्येच बघितलं तर सर आमच्यात नव्हते. ते परत उसाकडं चालले होते, एकटे. मी मागं गेले. ते अलीकडच्या बांधावरून प्रत्येक सरीच्या तोंडाशी वाकून बघत चालले होते. आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं, माती ओली होती, आणि प्रत्येक सरीत आत गेलेली पावलं उमटलेली होती. पावलं, पावलं, पावलं. मग एका सरीशी ते थांबले. माती गुळगुळीत होती.

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. माझ्या आधी त्यांना कळलं. मला कळलं ते त्यांच्या तोंडाकडं बघून.

"हितंच थांब," म्हणाले आणि हेल्मेट हातात घेऊन आत शिरले.

मी थांबले नाही. वीस-पंचवीस पावलांवर तो बसला होता. जमिनीला चिकटून, कान पाडून, पुढचा पंजा सुलाबाईच्या छातीवर. चाळीस माणसं दोन्ही बाजूंनी ओरडत गेली तेव्हाही तो तिथंच होता. सरांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी त्या बसक्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. ते त्याच्यावर चालून गेले. हेल्मेट त्याच्या डोक्यात घातलं, पुन्हा घातलं, त्यानं पंजा मारून सरांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला, तरी ते मारतच राहिले. हेल्मेटची काच फुटली. शेवटी तो गुरगुरत उसात सरकला आणि गेला. गेल्यावरही सर जमिनीला हेल्मेट हाणत होते.

सुलाबाईचे डोळे उघडे होते. ती बघत होती. मान एका बाजूनं उघडी पडली होती आणि तिथून रक्त येत होतं, अजून येत होतं. सरांनी शर्ट काढून तिथं दाबला, तिला उचललं आणि उसातून बाहेर आले. दोघांचं रक्त एकच झालं होतं. पिकअपमध्ये घालून तिला मंचरला नेलं. हायवेवर कांद्याच्या गाड्यांची रांग होती. हॉस्पिटलच्या दारात पोचता पोचता ती गेली. सर संतोषबरोबर गाडीत होते. तिथला डॉक्टर म्हणाला, रक्त फार गेलं, अर्ध्या तासापूर्वी आणली असती तर काही करता आलं असतं. हे मला नंतर कळलं.

गावानं सरांना डोक्यावर घेतलं. बिबट्याशी हातानं लढलेला मास्तर. त्यांच्या फाटक्या हाताचे फोटो मोबाइलवर फिरले. आणि दहाव्याला, नदीच्या घाटावर, दशक्रियेच्या वेळी त्यांचा सत्कार ठरला. आमच्याकडं दशक्रियेला प्रवचन असतं, पुढारी बोलतात, श्रद्धांजल्या होतात, माइक असतो. घाटाच्या पायऱ्यांवर एका बाजूला पुरुष आणि एका बाजूला आम्ही बायका. समोर संतोष, नुकतं डोकं भादरलेलं, उघडा, गळ्यात उपरणं. ज्ञानूभाऊंनी सरांना बोलावलं. शाल तयार होती.

सरांनी शाल घेतली नाही. माइकसमोर उभे राहिले. उजवा हात गळ्यात बांधलेला.

"ही शाल माझी न्हाई," ते म्हणाले. "उसात एक सरी बघायची ऱ्हायली व्हती. बाई तिच्यात व्हती. भाऊंनी एकापासनं मोजलं. पोरांकडनं शून्यापासनं मोजलं गेलं. मधली एकविसावी सरी कुनीच बघितली न्हाई. ती जित्ती व्हती. अर्धा तास ती तिथं जित्ती व्हती आन् आपुन वढ्याला हिंडत व्हतो."

घाटावर कुणाला नीट कळलं नव्हतं. ज्ञानूभाऊंना कळलं. ते सावकाश उठले.

"पोरास्नी कुनी मोजून लावलं?"

मी उठायला हवं होतं. मी वीस हातांवर बसले होते.

"मी," सर म्हणाले. "मी सोता मोजलं. ही खोड माझीच हाय."

संतोष उठला. अनवाणी, ओला, चालत सरांसमोर आला. त्यानं आधी तोंडात मारली. मग दुसरी. मग मुठी. सर पडले नाहीत. चांगला हात त्यांनी पाठीमागं धरला आणि उभे राहिले. नाकातून रक्त आलं, ओठ फाटला. माइक खाली पडून किंचाळत होता. संतोष रडत नव्हता, मोजल्यासारखा मारत होता. दुसऱ्या गावचा एक पुढारी सरांच्या आडनावावरून काहीतरी बोलायला लागला, तेव्हा ज्ञानूभाऊ त्याच्यावर खेकसले, "तू खाली बस. हे आमच्या घरातलं हाय." बाकी कुणीही मध्ये पडलं नाही. संतोष दमला तेव्हा थांबला आणि तिथंच पायरीवर बसला.

संतोष, हे तू वाचशील म्हणून लिहिते आहे. मोजलं मी. सर तर तुला धरून उभे होते, तुला आठवत असेल. शून्य माझ्या तोंडून निघालं. ते माझ्या तोंडात कुणी घातलं हा हिशेब सरांनी तिथं उभ्या उभ्या करून टाकला आणि स्वतःच्या नावावर घेतला. मला तो मान्य नाही. पोरांना मारणारा तो माणूस होता आणि त्याचा मला आजही राग आहे, पण तुझ्या आईची ती सरी माझी होती.

त्यानंतर क्लास उघडला नाही. मी पुण्यात नोकरीला लागले. सरांना मी शेवटचं बघितलं ते त्या दिवशीच. शर्टाच्या बाहीनं त्यांनी नाक पुसलं आणि घाटाच्या पायऱ्या चढू लागले. बायकांच्या बाजूनं जाताना मला बघितलं. फक्त मान एकदा हलवली, गप्प बस म्हणून. वर जाऊन त्यांनी स्कूटरला किक मारली. ती चालू होईना. पाच-सहा वेळा मारली. मग एका हातानं हँडल धरून ते ती चढावर ढकलायला लागले. दुसरा हात गळ्यात. स्कूटर दोन पावलं पुढं जायची आणि एक पाऊल मागं यायची. घाटावर दोनशे माणसं बसली होती, कुणी उठलं नाही. निदान मागून हात लावायला तरी मी जायला हवं होतं. मी बसून राहिले.